दुबईत वेल्डरची नोकरी: एजंटनं पाठवलेलं वर्क परमिट खरं का खोटं, कसं तपासायचं?

पंचगंगाकाठ
धाकट्या भावासाठी विचारतोय. दहावी पास, आयटीआय वेल्डर, सध्या शिरोली एमआयडीसीत. एजंटचं ऑफिस राजारामपुरीत. दुबईत पगार 2,200 दिरहम सांगतोय, राहणं कंपनीचं. एकूण 1 लाख 60 हजार मागितलेत, त्यातले 40 हजार परवापर्यंत फोनपेवर, कुणा बाईच्या नावावरच्या खात्यात. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, परमिट तिथं 'कन्व्हर्ट' होतं म्हणे. ऑफर लेटर आणि परमिटची पीडीएफ आलीय, क्यूआर स्कॅन केला की 'व्हॅलिड' दिसतं. मूळ पासपोर्टही मागतोय. आई गंठण गहाण ठेवायला निघालीय, म्हणून घाईनं विचारतोय.

टिगमिग
गंठण घरातच राहू दे. पासपोर्टची झेरॉक्स द्या, मूळ नको. मूळ त्याच्या कपाटात गेला की तो परत मिळवायलाच पैसे मोजावे लागतात.

व्हिजिट व्हिसावर तिथं काम करणं बेकायदा आहे. 2024 पासून परमिटशिवाय माणूस ठेवणाऱ्या कंपनीला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे, त्यामुळं धड कंपनी त्या वाटेला जात नाही. जी जाते ती कागदावर काही ठेवत नाही. मग पगार बुडाला तर भाऊ कुठल्या करारावर भांडणार? व्हिसाची मुदत संपली की रोज 50 दिरहम दंड, तोही त्याच्याच नावावर.

खरा क्रम असा: कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाकडं अर्ज करते. मंत्रालयाच्या छापील नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, ते हिंदीतही मिळतं, त्यावर ट्रान्झॅक्शन नंबर असतो. भाऊ वाचून सही करतो, मग परमिट, मग नोकरीचा एंट्री परमिट, आणि त्यानंतर तिकीट. मेडिकल आणि एमिरेट्स आयडी तिथं पोचल्यावर. कंपनीच्या लेटरहेडवर शिक्का मारलेलं पत्र म्हणजे हे ऑफर लेटर नव्हे.

आता क्यूआर. तो कुणालाही बनवता येतो, आणि ज्यानं कागद बनवला त्यानंच 'व्हॅलिड' म्हणणारं पानही बनवलेलं असतं. स्कॅन केल्यावर वर वेबसाइटचा पत्ता बघा: सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट गव्ह डॉट एई' असलं पाहिजे. 'गव्ह' मध्येच कुठंतरी आणि शेवटी 'डॉट कॉम', 'डॉट ऑनलाइन' असलं तर खोटं. त्याहून बरं म्हणजे कोड सोडाच, मंत्रालयाची साइट स्वतः उघडून नंबर हातानं टाका. कंपनीचं नाव, हुद्दा, पगार तिन्ही जुळायला हवेत. नंबर खरा आणि नाव दुसऱ्याचं, हाही प्रकार चालतो.

रंकाळावारा
इकडची बाजूही तपासा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. इमायग्रेट या सरकारी पोर्टलवर रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे, तिथं नाव, पत्ता, मुदत आणि लायसन्स चालू आहे का निलंबित, सगळं दिसतं. बेकायदा एजंटांची यादीही तिथंच आहे.

फी जास्तीत जास्त 30 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. तीही कंपनीच्या बँक खात्यात, पावती घेऊन. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिकडच्या कायद्यातही मनाई आहे. मग 1 लाख 60 हजार कशाचे?

पंचगंगाकाठ
बघितलं. ज्या फर्मचं नाव तो सांगतो तिचं लायसन्स चालू आहे, पण पत्ता मुंबईचा. हा म्हणतो मी त्यांचा सब-एजंट.

रंकाळावारा
सब-एजंट नेमायची परवानगीच नाही. शाखा असेल तर तीही नोंदलेली लागते. पोर्टलवर त्या फर्मचा जो फोन दिलाय त्यावरच फोन करा, यानं दिलेल्या नंबरवर नको. दोनच प्रश्न विचारा: कोल्हापुरात तुमचा माणूस आहे का, आणि या कंपनीचा डिमांड, म्हणजे माणसांची मागणी, तुमच्याकडं आहे का. उत्तर ईमेलवर मागा.

टिगमिग
एक राहिलं. भाऊ दहावी पास, त्यामुळं पासपोर्ट ईसीएनआर असणार, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी न लागणारा. ईसीआर पासपोर्टवाल्याला नोकरीसाठी युएईला जाताना उत्प्रवास मंजुरी लागते, तिथं एकदा कागद तपासले जातात. ईसीएनआरला ती चाळण नाही, म्हणून असले लोक दहावी पास पोरंच शोधतात. नोकरी खरी निघाली तर प्रवासी भारतीय बीमा योजना ईसीएनआरवाल्याला मिळते का ते विचारा, मिळत असेल तर जरूर काढा: 10 लाखांचा विमा, दोन वर्षांना 275 रुपये, तीनला 375.

पंचगंगाकाठ
मित्राच्या भावानं 40 हजार कालच पाठवलेत. त्याचं काय?

रंकाळावारा
आत्ता, हे वाचतानाच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), वेळ, रक्कम जवळ ठेवा. पैसे समोरच्या खात्यातून पुढं सरकले नसतील तरच गोठवता येतात. मग कोल्हापूर सायबर पोलिसांकडं लेखी तक्रार आणि इमायग्रेटवरही. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. सल्ल्यासाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र, टोल-फ्री 1800 11 3090.