मदत हवी आहे: आपण खेळलेला सर्वात आवडता गोल्फ कोर्स कोणता?

नमस्कार. आम्ही तीन मित्र पुढील वर्षी केवळ गोल्फ खेळण्यासाठी आठवडाभर स्कॉटलंडला जाणार आहोत. आपण प्रत्यक्ष खेळलेल्या कोर्सपैकी कोणता मनात घर करून राहिला आणि का, हे कृपया सांगावे. क्रमवाऱ्या भरपूर वाचून झाल्या आहेत. त्यांनी गोंधळच अधिक वाढवला.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स यादीत आहेच. मात्र तेथे खेळण्याची वेळ अनेकांना सोडतीनेच मिळते आणि रविवारी तो सहसा बंद असतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

खरा पेच कार्नूस्टी आणि नॉर्थ बेरिक या दोन ठिकाणच्या कोर्समध्ये आहे. १९९९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत फ्रेंच गोल्फपटू जाँ व्हान द वेल्ड यांनी शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी गमावली, तेव्हा त्यांचा चेंडू ज्यात गेला तो बॅरी बर्न ओढा कार्नूस्टीचाच. आमचा हँडिकॅप (कौशल्याचा आकडा; तो जितका कमी तितका खेळाडू चांगला) विशीच्या आसपास असल्याने तेथे खेळापेक्षा चेंडू शोधण्यातच दिवस जाईल, अशी धास्ती वाटते. उलट नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्स या समुद्रकाठच्या कोर्सवर तेराव्या ग्रीनसमोर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीसमोर) आडवी आलेली दगडी भिंत आणि जगभर ज्याच्या प्रतिकृती झाल्या तो पंधरावा 'रेडॅन' होल, यांचे वर्णन वाचूनच मन तिकडे ओढ घेते.

दोन्ही ठिकाणी खेळलेल्या कोणी, विशेषतः मध्यम दर्जाच्या खेळाडूने, वाऱ्याचा त्रास कोठे अधिक झाला आणि कॅडी (गोल्फची बॅग वाहणारा व सल्ला देणारा मदतनीस) घेणे खरोखर उपयोगी ठरले का, हे सांगितल्यास आभारी राहीन.