पाणी बंदची प्रेसनोट कशी लिहावी?

जनसंपर्कात_नवा: महापालिकेच्या जनसंपर्क विभागात कंत्राटी लागून ३ महिने झाले. पाणीपुरवठ्याकडून टिपण येतं: 'तांत्रिक कारणास्तव पुरवठा खंडित'. तसंच पाठवलं की दिवसभर फोन मलाच. बदललं की साहेब म्हणतात, मूळ शब्द ठेवा. काय करू?

निवृत्त_उपसंपादक: डेस्कवर अशी पत्रकं रोज कापायचो. आधी वार-वेळ, मग भागांची नावं, कारण शेवटी. 'दुसऱ्या दिवशी उशिरा, कमी दाबाने' हे मात्र विसरू नका. पिंप किती भरायचं ते त्यावरच ठरतं.

वॉर्डातली_काकू: 'जलकुंभ क्र. ४' म्हणजे कुठला रे बाबा? मारुतीच्या देवळामागची टाकी म्हण की!

जनसंपर्कात_नवा: काकू, उद्याच्या पत्रकात टाकतो. साहेबांचं टिपण खाली जोडतो, म्हणजे त्यांचाही मान राहील.