मत विकलं म्हणणाऱ्यांनी आधी ऊसतोड कुणाच्या हातात असते ते बघावं

खोडवा:
काल एकाने लिहिलं, "पाचशे-हजारात मत विकणाऱ्या गावाकडच्यांना नेत्यांना शिव्या द्यायचा हक्क नाही, लोकशाही ह्यांनीच नासवली." वाचून डोकं फिरलं. आमच्या तालुक्यात कारखान्याचा चेअरमन, आमदार आणि जिल्हा बँकेचा संचालक एकाच घरातले आहेत. माझा चुलता कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमधून उभा राहिला आणि पडला. त्या हंगामात आमच्या आडसालीची (पावसाळ्यात लावलेला, साधारण दीड वर्षाने तुटणारा ऊस) कारखान्यातली नोंद जुलैची असून मार्च उजाडला तरी तोड आली नाही, शेजारच्यांची नोंद आमच्यानंतरची पण त्यांचं रान डिसेंबरात रिकामं. उसाला तुरे आले, आतून पोकळ पडला, चिटबॉयला (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) विचारलं तर म्हणतो, "वरून आलंय, माझ्या हातात काय नाही." शेवटी पेटवून कारखान्याला घालवला, वर जळका ऊस म्हणून बिलात कपात. आता सांगा, ह्यात मत कुणी विकलं?

पेठकर:
कालचं ते मीच लिहिलं होतं. वाईट झालं तुमचं, पण मुद्दा तोच राहतो. सहकारात एक सभासद एक मत आहे ना? मग पाडा चेअरमनला. आणि विधानसभेला तर मत गुप्त असतं, पैसे कुणाचेही घ्या, बटण हवं ते दाबा, कोण बघायला येतंय? आम्ही पगारातून टॅक्स भरायचा, कर्जमाफी तुम्हाला, आणि वर "आमच्यावर दबाव आहे" हेही आम्हीच ऐकून घ्यायचं. माझे वडील आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. दबाव त्यांच्यावर नव्हता काय?

खोडवा:
गुप्त कुठलं हो? मतमोजणी बूथनिहाय जाहीर होते. आमच्या वाडीला एकच बूथ, कुणाला किती पडली ते दुसऱ्या दिवशी कारखान्यावर कागदासकट असतं, आणि कुठली चार घरं फुटली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सगळ्या बूथची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने 2008 मध्येच सुचवलं होतं, विधी आयोगाने 2015 च्या अहवालात पाठिंबा दिला, केंद्र सरकारने नको म्हटलं. का नको, ते तुम्हीच शोधा.

जुना सभासद:
चेअरमन वाईट म्हणून सहकारच वाईट असं करू नका. प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 ला गाळप सुरू केलं त्याआधी शेतकरी सावकाराच्या दारात बसायचा. आमच्या गावातल्या पोरी कॉलेजला गेल्या त्या कारखान्यामुळेच. आता खासगीवाले आलेत, तिथं तुम्हाला पडायलासुद्धा निवडणूक नाही. माझं म्हणणं, सभेला "मंजूर, मंजूर" ओरडणाऱ्यांच्या पुढं उभं राहून हिशोब विचारा. आणि ऊस नेणाऱ्या वाहनवाल्याची एन्ट्री, तोडणाऱ्या टोळीची खुशाली, म्हणजे वरचे पैसे, हा आजचा खरा त्रास आहे, एकरी हजारो रुपये मोजल्याशिवाय फडात कोयता लागत नाही. लुटतात नुसते.

कोयता:
कोण लुटतं? मी बीडच्या माजलगावकडचा, आई-बाप वीस वर्षं तुमच्याच भागात ऊस तोडत होते. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात, म्हणजे माझ्या आईची मजुरी तिच्या नावावर कधी लागलीच नाही. मुकादमाकडून (मजूर जमवून नेणारा ठेकेदार) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी परत तोच कारखाना. तुमच्या शेअरला मत आहे, आमचं काय?

जुना सभासद:
मजुरी कमी आहे हे मान्य. पण ती शेतकऱ्याच्या खिशातून वर काढायची का? मी स्वतः मागच्या हंगामात पैसे दिलेत, नाही दिले तर टोळी दुसऱ्या रानात जाते.

कोयता:
मग ते कारखान्याला विचारा ना! तोडणी-वाहतूक तुमच्या बिलातून कापून घेतोय ना तो? मग दर वाढवून मागा. तिथं सभेत तोंड उघडत नाही आणि पालात राहणाऱ्या बाईवर आवाज चढवता.

पेठकर:
अहो, विषय मत विकण्याचा होता, तुम्ही दोघं कुठं निघालात?

कोयता:
विषय तोच आहे. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून जाहीर. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीचं मतदान, तेही ऐन हंगामात. माणूस चारशे किलोमीटरवर फडात, दोन दिवसांची मजुरी बुडवून स्वतःच्या पैशाने येणार का? गाडी उमेदवार पाठवतो. आमच्या बापाला आणायला आली होती, जेवणखाण धरून. मुकादम शेजारी बसलेला, उचल त्याच्याकडून घेतलेली. त्या गाडीतून उतरून कुणाला मत द्यायचं, सांगा की.

पेठकर:
टोटलायझरचं पटलं, ते यायला पाहिजे, एवढं मी मान्य करतो. ऊसतोडवाल्यांना पोस्टाने मत द्यायची सोय हवी हेही ठीक. पण पाकीट घेणारा तो घेणाराच, ते माझं मत बदलणार नाही.

खोडवा:
नका बदलू. पण पाकीट देणाऱ्यावर तुम्ही कालपासून एक ओळ लिहिलेली नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख, आमच्याकडं तेवढे तर जिल्हा परिषदेच्या एका गटात जातात, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. त्यावर लिहा, मग बोलू.