दुचाकीची सीट बसली तर कंपनीची नवी घ्यावी की कारागिराकडून बांधून घ्यावी?

मानेवाडा ते बुटीबोरी
माझी १५० सीसी गाडी २०१४ ची. इंजिन ठणठणीत, पण सीट पार बसली होती. रोजचे जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर. अर्ध्या वाटेतच बैठकीची हाडं खालच्या प्लास्टिकला टेकायची. घरी पोचलो की कंबर धरून बसायचो. मागच्या महिन्यात सीट कारागिराकडून नव्यानं बांधून घेतली. चौदाशे रुपये लागले.

माझं स्पष्ट मत आहे की कंपनीची नवी सीट आणण्यात अर्थ नाही. ती एकाच साच्यातून निघते. पंचावन्न किलोच्या पोराला जी, तीच माझ्या ब्याण्णव किलोला. कारागिरानं मला आधी गाडीवर बसवलं, खडूनं खुणा केल्या. मी सारखा टाकीकडे घसरायचो, म्हणून पुढचा उतार भरून काढला. दबलेला फोम तेवढाच कापून तिथं रीबॉण्डेडचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेल्या फोमचा, कडक थर दिला आणि वर अर्धा इंच मऊ फोम. हे काम कोणती कंपनी करून देते?

महालकर
भाऊ, एक महिना झाला म्हणून सांगून राहिले तुम्ही. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग लिहा.

कंपनीचा फोम साच्यात ओतलेला, एकसंध असतो. तुमच्या सीटमध्ये आता तीन थर आहेत, डिंकानं चिकटवलेले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची काळी सीट त्याहून कितीतरी तापते. मीही अशीच बांधून घेतली होती, त्या सीटचा डिंक दुसऱ्याच उन्हाळ्यात सुटला. बसलं की आतला तुकडा सरकायचा. त्याआधी पावसाळ्यात वेगळाच त्रास. सीटच्या मधोमध चौकटीची शिवण मारली होती, दिसायला छान. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जायचं. वरून सीट पुसून बसलो तरी वजन पडलं की फोम पिळला जायचा. जुलैभर ओल्या पँटनं ऑफिसला गेलो. शेवटी कंपनीचीच सीट आणली, म्हणजे दोनदा पैसे गेले.

मानेवाडा ते बुटीबोरी
तो दोष त्या हाताचा, कामाचा नाही. बसायच्या जागी शिवण नकोच. माझी शिवण फक्त कडेला आहे आणि रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद आहे. कव्हर ठोकण्याआधी तो मी डोळ्यांनी पाहिला.

हिंगणा रोड
दोघंही खर्चिक बोलताय. फोम चांगला असेल तर नुसतं रेक्झिन बदला. उन्हानं रेक्झिनमधला मऊपणा निघून जातो, ते कडक होऊन तडकतं आणि तडीतून पाणी शिरलं की फोमही जातो. तड दिसली त्याच आठवड्यात कव्हर बदललं तर सीट बांधायची वेळ लवकर येत नाही. जेलची गादी मात्र इथं घेऊ नका. उन्हात ती तापते आणि लवकर निवत नाही.

आणि फोम घेताना नुसती ‘डेन्सिटी किती’ विचारू नका. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन, कडकपणा वेगळा. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, कडकही. हातानं दाबून काही कळत नाही, पाच मिनिटं त्यावर बसून पाहा.

त्रिमूर्तीनगरची
इतका वेळ वाचतेय, सगळे आपल्याच कमरेचं बोलताय. मागे कोण बसतं?

माझ्या भावानं अशीच सीट बांधून घेतली. स्वतःची जागा खोल, मागची उंच, वर गुळगुळीत रेक्झिन. आमची आई साडीत एका बाजूला बसते. पहिल्याच स्पीडब्रेकरला ती घसरली. भावाला धरलं म्हणून वाचली, कारण धरायला पट्टाच नव्हता. कव्हर ताणून बसवताना कारागिरानं सीटवरचा पट्टा काढला आणि परत लावलाच नाही. भावाच्याही लक्षात आलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम मागच्या माणसाला धरायला कायमची मूठ (हँडग्रिप) हवी असं सांगतो. पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षणही त्यातच आहे. मूठ काढून टाकायचा हक्क कारागिराला नाही आणि गाडीमालकालाही नाही. मला तरी कंपनीचीच सीट बरी वाटते. तिथं निदान मागच्या माणसाचा विचार झालेला असतो.

महालकर
ताईंचं शंभर टक्के पटलं. उंचीचंही तेच. इंचभर फोम वाढला की बुटक्या माणसाचे पाय सिग्नलला टेकत नाहीत.

मानेवाडा ते बुटीबोरी
ताई, तुमचं वाचून पार्किंगमध्ये जाऊन आलो. माझ्याही सीटवर पट्टा नाही. बायको रोज मागे बसते, ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. ही चूक माझी.

तरी कारागिराकडे जाऊ नये, हे मला पटत नाही. माझी कंबर महिनाभर दुखलेली नाही. रविवारी सीट परत नेतोय. या खेपेला बायकोला सोबत नेणार, मागच्या जागेच्या खुणा ती बसेल तशा करायच्या आणि वर खरखरीत रेक्झिन लावायचं. जुना पट्टा दुकानात सापडला नाही तर नवा बसवून घेतो.

महालकर
न्या. पट्टा सीटच्या बेसला बोल्टनं कसून घ्या, नुसता रेक्झिनला शिवून नको. ओढ बसली की शिवलेला पट्टा कव्हरासकट फाटतो.