टाऊन हॉलमधल्या पोसायडनची बायको कोण?

ब्रह्मपुरीकर:
रविवारी पाहुण्यांच्या पोरांना कोल्हापुरातलं टाऊन हॉल म्युझियम दाखवायला नेलं होतं. तिथं पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीला सापडलेली. (डेक्कन कॉलेजनं १९४५-४६ ला खणली तीच पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी.) वीतभरसुद्धा नाही, पण ऐट बघा की, एकदम तालमीतला गडी! ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातल्या व्यापारात इकडं आला, एवढं मी सांगितलं. तर धाकटी म्हणते, "काका, ह्याची बायको कुठाय?" ग्रीकांचा देवराज झ्यूस, त्याची बायको हेरा ठाऊक आहे, पण पोसायडनच्या बायकोचं कुणी नावच घेत नाही. नुसतं नाव नको, गोष्ट पाहिजे. पोरगी सोडत नाही.

सागरवेडी:
अँफिट्रायटी. जुना ग्रीक कवी हेसिअड, त्याच्या मते समुद्रदेव नीरिअस आणि डोरिसच्या ५० मुलींपैकी एक. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यात तर ती म्हणजे जवळजवळ समुद्रच; लाटा तिच्या, खोल पाण्यातले राक्षसी जीव तिनं पोसलेले. पोसायडननं मागणी घातली, पण हिला लग्नच नको होतं. पळाली ती थेट आभाळ पेलणाऱ्या ॲटलसकडे. पोसायडननं चहूकडे शोधायला दूत धाडले, त्यातल्या डेल्फिनसला ती सापडली. त्यानं समजूत काढली, लग्न जमवलं, म्हणून पोसायडननं त्याला डॉल्फिनच्या रूपात आकाशात बसवलं. मुलगा ट्रायटन: वर माणूस, खाली मासा.

तारेवाला:
तो डॉल्फिन म्हणजे आपलं धनिष्ठा. ऑक्टोबरात संध्याकाळी श्रवणाजवळ बघा, जवळजवळ डोक्यावर. तारे मंद आहेत, रंकाळ्यावरच्या उजेडात काही दिसायचं नाही. पन्हाळ्याकडं जा.

ब्रह्मपुरीकर:
रुसून निघालेली देवी होय! मग कोल्हापूरकराला काय वेगळं सांगायचं? भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरला आली, हे लहानपणापासून ऐकतोय. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो तो त्यापायीच म्हणतात. (अंबाबाई विष्णुपत्नी की नाही, हा वाद इथं काढू नका राव, हात जोडतो.) फक्त आमची परत गेली नाही. बरं, अँफिट्रायटीला देवळात जागा होती का?

सागरवेडी:
होती की. ग्रीसमध्ये कोरिंथजवळ इस्थमियाला पोसायडनच्या देवळात दोघं एकाच रथात उभी होती. इ. स. २ऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानं बघून लिहिलंय: चार घोडे सोन्यानं मढवलेले, खूर तेवढे हस्तिदंती. आणि पोरीला ग्रीक वीर थीसिअसचं पण सांगा. तो पोसायडनचा, पण दुसरीच्या पोटचा. समुद्रात उडी मारून खाली गेला, तर अँफिट्रायटीनं त्याच्या अंगावर जांभळं वस्त्र घातलं आणि केसांत गुलाबांचा गजरा.