स्कॉलरशिप ‘जमा’ दाखवते, पण माझ्या खात्यात आलीच नाही

आरमोरीची_लेक
मी एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे, नागपूरला नंदनवनमध्ये रूम करून राहते. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा हप्ता जमा झाला म्हणून दाखवते, पण गावच्या खात्यात रुपया नाही. हे खातं बाबांनी मी आठवीत असताना उघडून दिलं होतं. त्याच बँकेच्या सीताबर्डीच्या शाखेत गेली, तर मॅडम म्हणाल्या होम ब्रँचला जा. आरमोरीला जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस, प्रॅक्टिकल बुडते.
मागच्या वर्षी मेसचे पैसे यूपीआयने द्यायला मोबाईलवरच दुसऱ्या बँकेचं झिरो बॅलन्स खातं काढलं होतं. ते आता उघडत नाही, केवायसी बाकी म्हणते. एक ओळखीचा मुलगा म्हणून राहिला, ते खातं मला वापरायला दे, महिन्याला तीन हजार देतो. माझं रूमभाडंच तेवढं आहे. काय करू?

हॉस्टेल_खोली_१४
मायआधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते, बघ आधी. माझंही असंच झालं होतं.

निवृत्त_कॅशियर_महाल
बेटा, पैसे बहुतेक त्या मोबाईलवाल्या खात्यातच गेले असतील. सरकारी पैसे खाते क्रमांक पाहून नाही, आधार पाहून जातात. एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, तिच्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, जी शेवटी जोडली ती. नवीन खातं काढताना ‘सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायचं’ अशी एक टिक करायची चौकट असते, घाईत आपण दाबून मोकळे होतो. आणि नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्याला वर्षभराच्या आत पूर्ण केवायसी लागतेच. तुझी ती राहिली.
आता त्या बँकेच्या शाखेत आधार, पॅन घेऊन जा, केवायसी पूर्ण कर, पैसे गावच्या खात्यात वळव. मग सीताबर्डीला गावच्या खात्यासाठी आधार सीडिंगचा फॉर्म भर, म्हणजे पुढचे हप्ते तिथेच येतील. खोलीचा पत्ता आधारवर नसला तर स्वतःचं घोषणापत्र चालते, घरमालकाच्या पाया पडायची गरज नाही. केवायसी त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत करता येते, होम ब्रँचच पाहिजे असं नाही. नाही म्हटलं तर लेखी अर्ज दे आणि शिक्क्याची पोच घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. बाबांनी काढलेलं खातं बंद करू नको. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होते, पण स्कॉलरशिपसाठी उघडलेलं झिरो बॅलन्स खातं तसं धरायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे.
आणि त्या पोराला आजच नाही म्हण. तो भाडं देऊन तुझं नाव विकत घेऊन राहिला. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवतात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. काउंटरवर छत्तीस वर्षं बसलो मी. खातं गोठलेल्या पोरांच्या आया माझ्यासमोर रडल्या आहेत.

हॉस्टेल_खोली_१४
काका बरोबर म्हणतात. आमच्या वर्गातल्या एकानं दिलं होतं. परीक्षा फीचे पैसेही त्यातच अडकले, शेवटी आम्ही वर्गणी करून फॉर्म भरला त्याचा.

आरमोरीची_लेक
काका, सीडिंग स्टेटसमध्ये त्याच मोबाईलवाल्या बँकेचं नाव निघालं. आज केवायसी करून आली, हप्ता तिथेच होता. सीताबर्डीला अर्ज दिला तेव्हा मॅडमनी परत होम ब्रँच म्हटलं. मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. तर फॉर्म घेतला, पोच पण दिली. त्या मुलाला नाही म्हटलं. बाबांना रात्री फोन करून सगळं सांगितलं. ते एवढंच विचारत होते, आठवीतलं पासबुक आहे नं जवळ? आहे म्हटलं.