भाऊ वजन उतरवायला रेटाट्रूटाइडचं इंजेक्शन घेतोय, अजून ट्रायलमध्येच आहे ते, प्लीज मदत हवी आहे

मी ठाण्यात वर्तकनगरला, धाकटा भाऊ ऐरोलीला. वय ३४, वजन ११२ होतं, आता १०१. डाएट करतोय म्हणून आम्ही सगळे खूश. मागच्या रविवारी मामलेदारला नेलं तर दोन घासांत मिसळ सरकवली, हा माणूस एरवी दोनदा तर्री मागणारा, तेव्हाच शंका आली. मग त्याच्या घरी फ्रिज उघडला तर अंड्यांच्या खोबणीत बोटाएवढ्या चार काचेच्या बाटल्या, तळाशी पांढरी पावडर, स्टिकरवर ना बॅच नंबर ना एक्सपायरी, नुसतं 'संशोधनासाठी, माणसांसाठी नाही'.

विचारलं तर म्हणे ताई जिमच्या ट्रेनरने आणून दिलंय, ४८ आठवड्यांत २४ टक्के वजन उतरतं. आकडा खरा आहे, २०२३ च्या ट्रायलमधला, पण तिथे ३३८ लोक डॉक्टरांच्या नजरेखाली होते, डोस हळूहळू वाढवत नेलेला. एलाय लिली कंपनीच्या या औषधाला विकायची परवानगीच नाहीये, मग याच्या बाटलीत कोणी काय भरलंय देव जाणे. पाणी घालून हा स्वतःच कालवतो आणि इन्सुलिनच्या सिरिंजने टोचून घेतो. पाणी किती घालतोस तर "एक-दोन एमएल". अरे दोनच्या जागी एक घातलंस तर तेवढ्याच युनिटला डोस डबल, इंजिनिअर ना तू!

मळमळ आणि बद्धकोष्ठ पहिल्यापासून आहेच, बसल्या जागी हार्ट रेट ९६ (आधी ७८ वगैरे असायचा) आणि मांडीला पँट घासली तरी कातडी भाजल्यासारखी झोंबते. हार्ट रेट आणि कातडीचं ट्रायलमध्येही काही जणांना झालेलं. पण परवापासून उलट्या होतायत, पाणीसुद्धा टिकत नाही, लघवी कमी. पोटात दुखतं का विचारलं तर "थोडंसं".

पुढचं इंजेक्शन मी घेऊ देणार नाहीये. आज रात्रीच कॅज्युअल्टीला नेतेय, तो तयार नाही पण नेतेय. तिथे लायपेज (स्वादुपिंडाला सूज आहे का बघणारी रक्ततपासणी), किडनी, सोनोग्राफी या तपासण्या करा असं मी स्वतःहून सांगू का? आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालंय आणि वजन झपाट्याने उतरलं की खडे होतात म्हणतात, म्हणून जास्त भीती. नंतर दाखवायचं कोणाला, एंडोक्रायनोलॉजिस्ट की पोटाचे डॉक्टर? ठाणे-ऐरोलीकडे न ओरडता ऐकून घेणारं कोणी माहीत असेल तर सांगा, कारण ओरडले की हा लपवणार. माउंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन मार्च २०२५ पासून इथे रीतसर मिळतं, डॉक्टरांकडे जायचं ना त्यासाठी, तर म्हणे महाग पडतं.

आणि त्या बाटल्या बेसिनमध्ये ओतणार होते, नवरा म्हणतो डॉक्टरांना दाखवायला ने. सध्या डब्यात घालून माझ्या पर्समध्ये आहेत.